सोसणं आलं, घेणं राहिलं

पुण्याच्या घरांतून दोन वाक्यं इतक्या वेळा कानावर येतात की ती आता कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. एक असतं दुखावलेल्या माणसाच्या तोंडी : "जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं." दुसरंही त्याच माणसाचं, पण त्याच्यासाठी कुणी मायेनं काही आणलं की येणारं : "कशाला उगाच आणलंस? मला काय लागतं!" पहिल्या वाक्यानं वर्षानुवर्षांचा अपमान एका दमात सोडून दिला जातो. दुसऱ्यानं एखादी साडी, आयता मिळालेला चहाचा कप, पाठीवर ठेवलेला हात परत पाठवला जातो. एवढी मोठी क्षमा करू शकणाऱ्या माणसाला एवढंसं प्रेम का घेता येत नाही, हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस घर करून आहे. पुढची प्रकरणं त्यातून लिहिली गेली.

माझी एक आत्या कसब्यातल्या वाड्यात राहायची. ज्या दिरानं वाटणीच्या वेळी तिला फसवलं, त्याच्या शेवटच्या आजारात त्याला दोन्ही वेळचा डबा तिच्याच घरून जायचा. तिच्या साठीला आम्ही भाच्यांनी मिळून पैठणी घेतली, ती त्याच संध्याकाळी तिनं सुनेच्या अंगावर घातली. अशा बाईचं सगळे कौतुकच करतात. मला त्या कौतुकाबद्दल आक्षेप आहे. तिला काही नको होतं असं आम्ही धरून चाललो, आणि ते धरून चालणं आमच्या सोयीचं होतं.

क्षमा करताना हिशेबाची वही आपल्या हातात असते आणि ती आपणच मिटतो. त्यात दुःख असतं, पण अधिकारही असतो. प्रेम घेताना असा कुठलाच अधिकार उरत नाही. समोरच्यानं ते उद्या काढून घेतलं तर काय, आज घेतलं तर पुढे कशाच्या रूपानं फेडावं लागेल, आपली एवढी लायकी तरी आहे का, अशा सगळ्या शंका त्या एका क्षणात दाटतात. लहानपणी ज्यांना माया अटींवर मिळाली, किंवा मारामागून मिळाली, त्यांना तर या शंका खऱ्याच वाटतात, कारण त्यांच्या अनुभवात त्या खऱ्या ठरलेल्या असतात. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. मुलीला सोसायला आणि सोडून द्यायला पहिल्यापासून शिकवतात. मिळालेलं मोकळेपणानं घ्यायला मात्र कुणी शिकवत नाही, उलट तसं घेणारी मुलगी हावरी ठरते.

हे मला नीट कळलं ते मानसशास्त्राच्या पुस्तकांतून नव्हे, पुण्याशी बांधलेल्या तीन बायकांच्या आत्मकथनांतून : रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), पार्वतीबाई आठवले यांचं 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचं 'माझे पुराण' (१९४४). या पुस्तकांकडे समाजसुधारणेचा इतिहास म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. ज्यांनी दुखावलं त्यांचं काय करायचं, आणि जे प्रेम करतात त्यांचं काय करायचं, या दोन प्रश्नांसाठी मी ती पुन्हा वाचली.

रमाबाईंची गोष्ट 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे २०१२ नंतर घराघरांत पोचली, त्यामुळे घटना थोडक्यात सांगते. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३च्या डिसेंबरात महादेव गोविंद रानडे यांना दिली गेली. ती ११ वर्षांची, ते ३१ वर्षांचे. पहिली पत्नी वारून दोन-तीन महिनेच झाले होते. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार केलेल्या रानड्यांना हे लग्न नको होतं; वडिलांच्या हट्टापुढे ते वाकले आणि त्यासाठी सनातनी आणि सुधारक अशा दोन्हीकडून बोल खाल्ले. म्हणजे नवऱ्याच्या नाइलाजातून या मुलीचा संसार सुरू झाला. तरी पहिल्याच भेटीत रानड्यांनी तिला विचारलं की तुला लिहिता-वाचता येतं का, आणि लगेच धडे सुरू केले.

सासरी निघताना वडिलांनी तिला बजावलं होतं की काहीही झालं तरी सोसायचं, आणि घरातल्या कुणाचीही चहाडी नवऱ्याकडे करायची नाही. अकरा वर्षांच्या मुलीनं हे व्रतासारखं पाळलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचं शिकणं खुपत होतं. बोलणी, अबोला, कामातून बाजूला सारणं, सगळं झालं. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाच्या सभा सुरू झाल्या, रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या, तसा घरातला राग वाढत गेला. पुढे मुलींच्या हायस्कुलासाठी हिराबागेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत भाषण वाचलं. त्या प्रयत्नांतून १८८४ साली हुजूरपागेची शाळा उभी राहिली. बाहेर टाळ्या पडल्या त्या दिवशी घरात काय वाट्याला आलं, ते त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

रानडे त्या बायकांना काही बोलले नाहीत. सावत्र आईचा, बहिणीचा मान त्यांनी मोडला नाही. पत्नीला त्यांनी सांगितलं ते सोसण्याचंच. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आपण या जोडप्याकडे फार भाबडेपणानं पाहतो. रमाबाईंवर रानड्यांचं प्रेम होतं यात मला शंका नाही. पण दिवसा माजघरात टोमणे आणि रात्री माडीवर धडा, अशा त्या घरात नवऱ्याची प्रत्येक शाबासकी हा माजघराच्या दृष्टीनं नवा गुन्हा होता. प्रेम मिळालं की त्याची किंमत दुसऱ्या दिवशी खाली उतरून मोजावी लागे. अशा ठिकाणी मुलगी कोणता धडा शिकेल? आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हाच. माजघरातल्या बायकांना क्षमा करणं रमाबाईंना त्या मानानं सोपं गेलं असावं. त्या बायकांबद्दल लिहिताना त्यांच्या लेखणीत विष नाही, आणि त्यांना लोकांपुढे उघडं पाडण्याचा हेतूही दिसत नाही. त्याही बिचाऱ्या रूढीनं बांधलेल्या, हे त्यांना दिसत होतं. पण आपल्याला मिळालेलं प्रेम आपलं आहे, हे त्यांना मोकळेपणी कधी म्हणता आलं?

माझं उत्तर असं आहे की रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेल्यानंतर, ते पुस्तक लिहिताना. रानड्यांच्या पायांच्या तळव्यांना तूप चोळत केलेलं वाचन, त्यांचं रागावणं, त्यांचा अबोला, त्यांनी हळूच केलेलं कौतुक, हे सगळं त्या इतक्या जवळून सांगतात की थोर पुरुषाचं चरित्र बाजूला राहतं आणि एक बाई आपल्या वाट्याचं एकेक वेचून पदरात घेते आहे असं वाटतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. त्यानंतर आलेल्या बहुतेक वाचकांनी त्यात पतिभक्ती पाहिली. मला त्यात फार उशिरा केलेला स्वीकार दिसतो. त्याच काळात, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्याचं सेवासदन सुरू झालं होतं. बायकांना शिकवणं, ससूनमध्ये परिचारिका तयार करणं, तुरुंगातल्या स्त्रियांना जाऊन भेटणं ही कामं रमाबाईंनी १९२४ साली देह ठेवेपर्यंत केली. देणं त्यांना कधीच जड गेलं नाही.

आता देवरुखच्या जोश्यांच्या घराकडे वळू. या घरात दोन बहिणी विधवा झाल्या. थोरली गोदूबाई, लग्न आठव्या वर्षी आणि काही महिन्यांत वैधव्य. तिनं सासरी वर्षानुवर्षं कष्ट उपसले, केशवपन झालं. भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन आले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन ही शाळा काढली तेव्हा ती तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. सदन पुण्याला आलं, तीही आली. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे (पुढचे महर्षी कर्वे) फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांची पत्नी राधाबाई १८९१ साली वारली होती, आणि पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं. गोदूबाई आनंदीबाई झाल्या, पुढे सगळ्यांच्या बाया.

कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्या घरावरही तो लागू होईल असं ठरवलं. याचा अर्थ आजच्या वाचकानं पुरता समजून घ्यावा. बायांनी एका माणसाला होकार दिला आणि त्याची शिक्षा म्हाताऱ्या सासूला, दिराला, माहेरच्या माणसांना भोगावी लागणार होती. क्षमा करणाऱ्या विधवेला कुणी वाळीत टाकलं नसतं. प्रेम घेणारीला टाकलं. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की मन स्वतःच दाराला कडी घालून घेतं, बाहेर कुणी पहारा देण्याची गरज राहत नाही.

बायांनी मात्र कडी काढली. आणि त्यांचं पुस्तक मला प्रिय आहे ते त्यापुढच्या हकिगतीसाठी. ज्या माणसासाठी एवढं सोसलं तो माणूस लवकरच संस्थेचा झाला. १८९६ साली विधवांसाठी त्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० साली पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर गेला. विधवांचं शिक्षण आणि विधवांचा विवाह ही दोन कामं वेगळी ठेवायची, नाहीतर लोक मुली पाठवणार नाहीत, असं अण्णांचं धोरण होतं. त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांना आपल्याच नवऱ्याच्या आश्रमापासून लांब राहावं लागलं. अण्णांनी पगारातलं, साठवलेलं, विम्याचंही आश्रमाकडे वळवलं. घर बायांनी चालवलं. सुईणीचं शिक्षण घेण्यासाठी त्या नागपूरला जाऊन राहिल्या. 'माझे पुराण'मध्ये या सगळ्याबद्दलचा राग आहे, पैशांवरून झालेली भांडणं आहेत, आणि त्याच पानांत अण्णांच्या कामासाठी दारोदार वर्गणी मागणंही आहे. महर्षींच्या बायकोनं असं लिहावं का, असं काहींना वाटलं असेल. मला वाटतं, आपल्या भाषेत प्रेमाचा इतका प्रामाणिक हिशेब फार थोड्यांनी मांडला आहे. बायांनी अण्णांना क्षमा केली, पण "मला काय लागतं" असं त्या म्हणाल्या नाहीत. मला काय लागत होतं आणि काय मिळालं नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. ज्याला आपली भूक कबूल करता येते त्यालाच घास घेता येतो, असं मी त्यांच्याकडून शिकले.

धाकटी बहीण पार्वतीबाई विशीत विधवा झाली, पदरी एक मुलगा होता. थोरलीचं उदाहरण समोर असूनही तिनं पुनर्विवाह नाकारला आणि आश्रमाचं काम पत्करलं. केशवपनही अनेक वर्षं चालू ठेवलं, ते १९१२ साली थांबवलं. आश्रमासाठी तिनं गावोगाव निधी गोळा केला. मग १९१८ साली, इंग्रजी नीट येत नसताना, ती अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिली आणि १९२० साली परत आली. धाकटीनं प्रेम नाकारलं आणि थोरलीनं स्वीकारलं, असा सोपा निकाल मी देणार नाही. पार्वतीबाईंचा नकार विचारपूर्वक होता आणि त्यामागे काम होतं. पण ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागितलं, तिला परक्या देशात स्वतःसाठी अनोळखी माणसांचा आसरा घ्यावा लागला, ती पानं मला त्या पुस्तकातली सगळ्यांत मोकळी पानं वाटतात. कधी कधी घेण्याची सवय परक्यांकडूनच सुरू होते. घरच्यांशी जुने हिशेब असतात, परक्यांशी नसतात.

या तिघींच्या आधी याच शहरात एका जोडप्यानं क्षमा करणं आणि प्रेम घेणं ही दोन्ही कामं एकदम पुरी केली होती, आणि त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुण्यात मांडताच येणार नाही. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि शाळेच्या वाटेवर सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर शेण आणि दगड आले. ज्या समाजातून ते आले, त्याच समाजातल्या फसवल्या गेलेल्या विधवांसाठी सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. इथवर ती क्षमा आहे, आणि ती मोठीच आहे. पण १८७४ साली काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचं नाव यशवंत ठेवलं. त्या मुलानं आई म्हटलेलं सावित्रीबाईंनी ऐकलं आणि मान्य केलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात तो रोग्यांवर उपचार करत होता आणि सावित्रीबाई त्याच्याबरोबर होत्या. १० मार्चला त्या त्याच साथीत गेल्या. दुखावणाऱ्यांच्या लेकीबाळींना आश्रय देणं पुष्कळांना जमेल. त्यांच्यातल्या एका मुलाचं प्रेम स्वतःला लागू देणं, हे मला त्याहून अवघड वाटतं. सावित्रीबाईंचं हे मोठेपण आपण पुरेसं बोलत नाही.

आजच्या पुण्यात हा विषय रोज कुठे दिसतो, असं कुणी विचारलं तर मी येरवड्याचं मुक्तांगण दाखवीन. लेखक अनिल अवचटांनी शहरातल्या गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनाबद्दल लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तिथे व्यसनी माणसाइतकाच त्याच्या घरच्यांचा विचार होतो. बायकांसाठी सहचरी हा गट आहे. दारूनं पोखरलेल्या घरात काय होतं ते पाहा. बायको मारही विसरते, विकलेलं मंगळसूत्रही विसरते. मग एके दिवशी नवरा दारू सोडून घरी येतो, पगार हातात देतो, पोरांना फिरायला घेऊन जातो. तेव्हा तिचा हात पुढे होत नाही. इतकी वर्षं तिनं सगळं एकटीनं ओढलेलं असतं, आता कुणावर टेकायचं म्हटलं तरी भीती वाटते. आणि नवऱ्याचंही तसंच : सगळ्यांनी माफ केलं तरी आपल्याला मायेनं वाढलेलं ताट त्याच्या गळ्याखाली उतरत नाही. व्यसनमुक्तीनंतरचं हे घर सावरायला दारू सोडण्याहून जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची नातेवाइकांची तयारी नसते.

एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या पुस्तकाचा दुरुपयोग होईल. क्षमा म्हणजे परत जाऊन मार खाणं नव्हे. क्षमेचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनीही क्षमा आणि समेट या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. मनातलं वैर सोडता येतं आणि तरीही दार बंद ठेवता येतं. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्या बंद दाराच्या बाजूनं उभा आहे. कुणी "मोठं मन कर" असं म्हणत मुलीला मारकुट्या घरात परत पाठवत असेल, तर त्याला या पुस्तकातलं एक वाक्यही आधाराला मिळू नये, अशी माझी काळजी आहे. क्षमा कधी करायची, करायची की नाही, हे दुखावलेल्या माणसानंच ठरवायचं.

पुढच्या प्रकरणांत या तिन्ही आत्मकथनांचं सविस्तर वाचन आहे. रमाबाईंवरचं प्रकरण मोठं झालं आहे, कारण त्यांच्याबद्दलचे गैरसमज मोठे आहेत. पार्वतीबाईंवरचं लहान आहे आणि त्यांच्यावर आणखी कुणी लिहावं अशी माझी इच्छा आहे. जे वाचक आज कुणाला तरी माफ करून थकले असतील आणि ज्यांच्या दारात कुणीतरी मायेनं उभं असेल, त्यांना माझी विनंती आहे की माझं पुस्तक नंतर वाचा. आधी ग्रंथालयातून 'माझे पुराण' आणा, आणि बायांनी अण्णांकडे काय काय मागितलं ते बायांच्याच शब्दांत वाचा.